कल्हई नसलेली तार

बोटीवरील फ्रीज बंद पडला की मालक प्रथम फ्रीजला दोष देतो. तो उतरवून किनाऱ्यावरच्या दुकानात नेला जातो. दुकानात तो बिनतक्रार चालतो. पुन्हा बोटीवर चढविला की दुसऱ्याच फेरीत थांबतो. मग दुकानदाराच्या सल्ल्याने नवा फ्रीज येतो आणि त्याची नवलाई ओसरण्याच्या आत तोही बंद पडतो. आता दोष कंपनीचा ठरतो, नंतर खाऱ्या हवेचा आणि अखेरीस नशिबाचा. या साऱ्या चौकशीत एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ती म्हणजे बॅटरीपासून फ्रीजपर्यंत गेलेली तार आणि तिच्या वाटेवरचे चार-पाच जोड.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने अर्थिंगची चर्चा का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. परंतु वस्तू विकत घेण्यास पैसा असतो आणि ती चालती ठेवण्यास नसतो, ही तक्रार वीजतंत्र्यापेक्षा अर्थशास्त्राच्याच कक्षेत अधिक येते. बोटीवरचे स्वयंपाकघर हे तिचे एक लहानसे, पण बोलके उदाहरण आहे. शिवाय ते आता केवळ श्रीमंतांच्या चैनीचे राहिलेले नाही. कोकणातील मासेमारी नौकांवर अद्याप मुख्यत्वे गॅसची शेगडीच पेटते. पण दिवा, बिनतारी यंत्र आणि मोबाइल यांच्यासाठी बोटीवर आलेली वीज स्वयंपाकाच्या जागेपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. केरळातील अलप्पुळच्या हाउसबोटींवर तर फ्रीज, मिक्सर आणि पाण्याची किटली या वस्तू प्रवाशांना गृहीतच धराव्याशा वाटतात. पुण्या-मुंबईचे कितीतरी मराठी कुटुंबकबिले दरवर्षी त्या बोटींवर एखादी रात्र काढून येतात. आपल्याकडे तारकर्लीच्या खाडीतही तसा प्रयोग झाला आहे.

इंजिन आले, मागोमाग तार आली

१९५२ च्या करारान्वये केरळच्या किनाऱ्यावर भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि यांत्रिक मासेमारीला आपल्या देशात चालना मिळाली. शिडाच्या जागी डिझेलचे इंजिन आले. इंजिनाबरोबर बॅटरी आणि ती भारणारा आल्टर्नेटर आला. या बदलाची चर्चा आपण नेहमी पकडलेल्या मासळीच्या टनांत आणि कर्जाच्या रुपयांत केली. त्याबरोबर लाकडाच्या आणि पुढे फायबरच्या कवचात विजेचे एक लहानसे जाळे निर्माण झाले, आणि ते जपणारा मनुष्य मात्र निर्माण झाला नाही, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. इंजिनाचा मिस्त्री बंदरोबंदरी आहे. बोटीच्या वायरिंगचे काम करणारा बहुधा गावातील घरांची वायरिंग करणारा वायरमनच असतो. तो घरात जे वापरतो तेच बोटीवर वापरतो.

येथेच पहिली चूक घडते. कारण घरची वीज २३० व्होल्टची असते आणि बोटीच्या बॅटरीची १२ किंवा २४ व्होल्टची. ६० वॅटच्या लहान फ्रीजला घरी पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. १२ व्होल्टवर त्यालाच ५ अँपिअर लागतात. प्रवाह एकोणीस पट झाला. पण तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच तारेत ती साडेतीनशे पटींहून अधिक होते. घरात जी तार भरभक्कम असते, ती बोटीवर अपुरी ठरते.

थोडे गणित मांडून पाहू. फ्रीज बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. जाऊन-येऊन तारेची लांबी १२ मीटर. तांब्याची तार घरच्या दिव्यांना घालतात तशी दीड चौरस मिलिमीटरची. ५ अँपिअरला या तारेत सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. नौकांच्या बांधणीची मानके ठरविणारी एक संस्था अमेरिकेत १९५४ पासून आहे. तिच्या मानकानुसार महत्त्वाच्या उपकरणांच्या बाबतीत ही घट ३ टक्क्यांहून, म्हणजे १२ व्होल्टमागे ०.३६ व्होल्टहून, अधिक असू नये. चार चौरस मिलिमीटरची तार घातली असती तर ती पाव व्होल्टच्या आसपास राहिली असती. फरक काही मीटर तांब्याच्या किमतीचा आहे.

आता त्यात एका गंजलेल्या जोडाची भर घाला. अशा जोडाचा रोध ०.२ ओहम असला तरी आणखी एक व्होल्ट गेला. अर्धी उतरलेली बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवीत असेल, तर फ्रीजच्या पदरात साडेदहा व्होल्ट पडतात. अशा फ्रीजमधील नियंत्रक बॅटरी पार निकामी होऊ नये म्हणून दाब साधारण या पातळीला आला की कॉम्प्रेसर आपण होऊन थांबवितो. म्हणजे ज्याला आपण बिघाड म्हणतो, तो फ्रीजने दाखविलेला शहाणपणा असतो. दुकानात तो चालतो याचे कारणही हेच. तेथील तार आखूड असते आणि जोड स्वच्छ.

आजीचे शास्त्र

खाऱ्या हवेत तांबे हिरवे पडते, हे आपल्या घरांतील मागच्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते म्हणून कल्हईवाला दारावर आला की भांडी त्याच्यापुढे ठेवली जात. कथिलाचा तो पातळ मुलामा हेच त्या काळचे शास्त्र. बोटीसाठी तयार होणाऱ्या चांगल्या तारेवर नेमके हेच केलेले असते. तिचा एकेक बारीक पदर कथिलाने मढविलेला असतो, त्यामुळे ओल आत झिरपली तरी तार लवकर सडत नाही. जी गृहिणी कल्हईशिवाय पातेले चुलीवर चढवीत नसे, तिच्याच मुलानातवंडांच्या बोटीवर कल्हई नसलेली तार भिंतीआड कुजत असते. बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण तुकतुकीत असते. आत हिरवी भुकटी झालेली असते.

हा दोष डोळ्यांना दिसत नाही. इतकेच नव्हे, तर अडाणीपणे वापरलेल्या मापकालाही तो दिसत नाही. फ्रीज बंद ठेवून तारेच्या टोकाशी व्होल्ट मोजले तर ते पुरेपूर भरतात, मग तारेचा केसाएवढा एकच पदर शाबूत का असेना. कारण प्रवाह वाहत नसेल तर घटही होत नाही. मोजणी करावयाची ती उपकरण चालू असताना. एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि लगेच उपकरणाच्या टोकांवर. बॅटरीवरच दाब खालावला असेल तर दोष बॅटरीत किंवा ती भारणाऱ्या यंत्रणेत. बॅटरीवर ठीक आणि उपकरणावर कमी असेल तर दोष वाटेत. मग फ्यूज, स्विच, जोड असे एकेक टप्पा मोजत गेले की चोर सापडतो. दोन्हीकडे दाब ठीक आणि तरीही उपकरण चालत नसेल, तरच उपकरण उघडावे. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. प्रथम उपकरण उघडले जाते, मग बदलले जाते, आणि तार शेवटपर्यंत संशयातीत राहते.

पाण्याच्या किटलीची गोष्ट याहून गंभीर. १००० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावली की १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. बॅटरीच्या टोकावरील एका सैल नटाचा रोध ०.०१ ओहम धरला, तरी त्या नखाएवढ्या जागेत ८० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि ते कथील वितळविते. तशी तीन आयर्न बॅटरीच्या शेजारी लाकडाला टेकवून ठेवावीत, असाच हा प्रकार. चहा मात्र होतो. म्हणून सर्व काही ठीक चालले आहे, अशी समजूत दृढ होते.

मिक्सर घरघरतो आणि तापतो, मायक्रोव्हेव चालतो पण अन्न नीट गरम होत नाही, या तक्रारींचे मूळही पुष्कळदा उपकरणात नसून स्वस्त इन्व्हर्टरमध्ये असते. त्यातून येणारा प्रवाह घरच्या विजेसारखा वळणदार लाटेचा नसतो. तो पायऱ्यापायऱ्यांचा असतो. दिवा त्यावर निमूट जळतो. मोटार आणि मायक्रोव्हेव यांना तो मानवत नाही.

कळ दाबून ठेवणारे

धक्क्याला लागलेली बोट किनाऱ्यावरील वीज घेते किंवा जनरेटर सुरू करते, तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही, प्राणाचा होतो. गळती ओळखून ३० मिलिअँपिअरच्या आत वीज तोडणारी कळ, दुकानात जिला आरसीसीबी म्हणतात, ती अशा ठिकाणी हवीच. परंतु बोटीवर ती वारंवार पडते. बरेच दिवस पडून राहिलेल्या किटलीच्या किंवा गीझरच्या कॉइलमध्ये ओल शिरते आणि थोडा प्रवाह अंगावर झिरपू लागतो. अशा वेळी सारे प्लग काढावेत. नुसते स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच एकच तार तोडतो. मग एकेक प्लग लावून पाहावा. ज्याच्या वेळी कळ पडेल ते उपकरण दोषी. सारे प्लग काढूनही पडत असेल तर दोष भिंतीतील वायरिंगमध्ये. हे काम दहा मिनिटांचे आहे. त्याऐवजी ‘ही कळच नादुरुस्त आहे’ असा निवाडा देऊन तिला वळसा घालून तार जोडण्याची वहिवाट पडली आहे. पाहुण्यांसाठी भात शिजतो आहे, अंधार पडला आहे. कळ कोणाला हवी असते?

जनरेटरच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. त्याचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसेल तर ही कळ बसविलेली असूनही गळतीच्या वेळी पडत नाही. म्हणजे एका बोटीवर ती पडते म्हणून काढली जाते, आणि दुसरीवर ती कधीच पडत नाही म्हणून सारे निर्धास्त असतात. दोन्हीकडे धोका सारखाच.

गोड्या पाण्यात हा धोका वाढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मनुष्याच्या शरीरात क्षार असतात, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा शरीरातून वीज सुलभतेने वाहते. बोटीतून पाण्यात झिरपणाऱ्या प्रवाहाने पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. अमेरिकेतील तलावांच्या धक्क्यांवर असे मृत्यू घडल्यामुळे तेथे या प्रकाराला स्वतंत्र नावच पडले आहे. कुट्टनाडची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचावी म्हणून १९७० च्या दशकात वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम येथे बंधारा झाला. त्याच्या आतल्या अंगाला, जेथे हाउसबोटींची दाटी असते, तेथील पाणी वर्षातील बराच काळ गोडे असते. रात्री तेथे वीज जोडून उभ्या असलेल्या बोटींच्या कडेला मुले पाय सोडून बसतात.

आगीचे तर पुढे प्रमाणही उरत नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या प्रवासी बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्या ३४ जणांचा बळी गेला. आग वरच्या बैठकीच्या दालनाच्या मागील भागात लागली, इतके चौकशीत निष्पन्न झाले. ठिणगी नेमकी कशाची, हे साधनसंपन्न चौकशी मंडळालाही निश्चित सांगता आले नाही. पुरावाच जळून पाण्यात गेला होता. म्हणून तपासणी करावयाची ती आगीपूर्वीच करावी लागते.

‘मग विजेची उपकरणे नकोतच, गॅस बरा’ असे म्हणणारे भेटतील. पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दारावाटे निघून जाऊ शकतो. बोटीत तो तळाशी साचतो, आणि तळाशीच पाणी उपसणाऱ्या पंपाच्या तारा असतात. गॅसची शेगडी ठेवली म्हणून गंजलेल्या जोडातून सुटका होत नाही.

निदानाला दाम का नाही?

हे सारे ज्ञान नवे नाही. मग ते बंदरावर का पोहोचत नाही? जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला, ज्यातील विचारासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मालाचा खरेखोटेपणा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून हुसकला जातो, असे त्यांचे प्रतिपादन. वायरिंगचे काम अगदी या जातीचे आहे. कल्हईची तार आणि साधी तार यांवर आवरण चढविले की मालकाला दोन्ही सारख्याच दिसतात. मग तो स्वस्त काम करणाऱ्याला बोलावतो, आणि चांगले काम करणारा दुसऱ्या धंद्याला लागतो. फ्रीज डोळ्यांना दिसतो, त्याची पावती मिळते, हमी मिळते. ‘तुमच्या तिसऱ्या जोडात दोष आहे’ या वाक्याची पावती कोणी देत नाही, म्हणून त्या वाक्याला दामही कोणी देत नाही.

दुसरे कारण खर्च आणि जोखीम यांच्या वाटणीत आहे. अनेक बंदरांत डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे मालक आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात. अन्यत्र ठरीव पगार असतो. बोट आणि तिची साधनसामग्री यांचा खर्च मालकाचा. म्हणजे तारेचे पैसे किनाऱ्यावर बसणाऱ्याने द्यावयाचे आणि त्या तारेशेजारी रात्र काढावयाची ती तांडेलाने, खलाशाने आणि रांधणाऱ्या भंडाऱ्याने. रत्नागिरीसारख्या बंदरांत यांपैकी पुष्कळ जण नेपाळातून आलेले आहेत. त्यांनी तक्रार करावी कोणाकडे आणि कोणत्या भाषेत? मालक दुष्ट आहे, असे मला म्हणावयाचे नाही. डिझेल आणि कर्जाचे हप्ते यांखाली तोही पिचलेला असतो. परंतु जो जोखीम घेतो त्याच्या हाती खर्चाचा निर्णय नसला, की न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च होत नाही, हा नियम कारखान्याइतकाच बोटीलाही लागू आहे.

अशा ठिकाणी बाजार आपोआप सुधारत नाही. कोणीतरी मध्ये पडावे लागते. केंद्र सरकारने २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची मत्स्यसंपदा योजना जाहीर केली. नव्या बोटींना आणि साधनांना साहाय्य देताना तारेची जाडी, कथिलाचा मुलामा आणि गळती ओळखणारी कळ यांची अट घालणे अवघड नाही. महाराष्ट्रात मासेमारी नौकांना १९८१ च्या नियमन कायद्याखाली परवाना लागतो, आणि देशातील नद्या-खाड्यांतील जलयानांसाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला आहे. वायरिंगच्या तपासणीचा एक कागद या परवान्यांबरोबर मागितला जावा; मात्र तो कागद देणारा मनुष्य मापक घेऊन बोटीवर चढलेला असावा, कचेरीत बसून शिक्का मारणारा नसावा.

असा मनुष्य तयार करण्याचे काम शिक्षणसंस्थांचे. कोचीची केंद्रीय मत्स्य नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९६३ पासून तांडेल आणि इंजिनचालक घडवीत आली आहे. परंतु रत्नागिरी, मालवण, अलिबाग येथील मुलाने त्यासाठी कोचीला जाण्याचे कारण नाही. किनारपट्टीवरील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वायरमनच्या अभ्यासक्रमाला बोटीच्या वायरिंगची काही आठवड्यांची जोड दिली, तरी प्रत्येक मोठ्या बंदराला दोन-चार जाणते हात मिळतील. मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेलबरोबर कल्हईची तार, योग्य मापाची टोके आणि फ्यूज घाऊक भावाने आणून ठेवावेत, आणि निदानाचा एक ठरीव दर लावून असा कारागीर पदरी ठेवावा. एकट्या मालकाला जे परवडत नाही, ते शंभर मालकांच्या संस्थेला परवडते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

काळही आयताच उपलब्ध आहे. जून आणि जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा इंजिन उघडले जाते, फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, रंग लागतो. नारळी पौर्णिमेला पताका लावलेली बोट नव्यासारखी दिसते. त्याच दिवसांत एका कारागिराने एक दिवस खर्चून प्रत्येक जोड उघडून पाहावा, घासावा, बदलावा. घसाऱ्याची तरतूद ही वहीतील नोंद आहे, असे आम्ही वर्गात शिकवितो. बोटीवर ती कथिलाच्या मुलाम्याची तार असते, आणि तिच्यावर केलेली काटकसर बहुधा भर समुद्रात वसूल होते. ती देणारा मात्र बोटीचा मालक नसतो, तिच्यावर झोपलेला खलाशी असतो.